नग एक, बिबट्या

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात
एक बिबट्या आहे. जरा गादीसारखा.

दौलतसाब पिंजाऱ्यानं भरला म्हणे,
हिंगोलीत तेव्हा दुसरा भरणारा नव्हता.
किनवटकडून कातडं आलं तरटात गुंडाळून.
प्राचार्य म्हणाले, करा काहीतरी.
दौलतसाब म्हणाले, साहेब, मी रजया भरतो,
तक्के भरतो, नवरीसोबत द्यायच्या गाद्या भरतो.
प्राचार्य म्हणाले, मग हा एक लोडच समजा,
चार पायांचा.

तसाच समजला त्यांनी.
आत तुराट्यांची हाडं, वर पिंजलेला कापूस,
पोटाला दर चार बोटांवर टाका.
हात लावला की टेकून बसावंसं वाटतं.
डोळ्यांना पोरांच्या गोट्या, एक निळी,
एक हिरवी, कारण निळ्या दोन मिळेनात.
तोंडाचं मात्र कोडं पडलं. गादीला तोंड नसतं.
शेवटी रात्री कंदील धरून
आरशात बघत बघत शिवलं,
म्हणून तो असा हसतो:
पाहुण्यानं दुसऱ्या चहाला नको म्हणताना हसावं तसा.

मी इथला परिचर. सोनकांबळे.
एकतीस वर्षं त्याची धूळ पुसतो,
लेकराचं तोंड पुसावं तशी, कानामागूनसुद्धा.
शेजारी मुंगूस आहे. त्याच्या नागाला
कसर लागली ब्याण्णव साली,
तेव्हापासून ते रिकाम्या फळीवर दात विचकून उभं.
घुबडाची मान मीच फिरवतो,
सोमवारी दाराकडं, शनिवारी घड्याळाकडं.

मे महिन्यात सगळ्यांना गच्चीवर ऊन दाखवतो.
पलीकडून क्वार्टरमधल्या बाया ओरडतात,
मामा, तुमचा वाघ इकडं सरकवा की जरा,
कुरडयांवर कावळे यायलेत!
कावळे त्याला भीत नाहीत. डोक्यावर बसतात.
तरी तो राखण करतो बिचारा चार दिवस,
आणि संध्याकाळी ताटलीभर कुरडया तळून येतात
त्याच्या नावानं.
त्याचा पगार माझ्याकडंच जमा होतो.

समिती आली की रजिस्टर निघतं.
बिबट्या, नग एक. स्थिती: बरी.
एका मॅडमनी विचारलं, बरी म्हणजे?
म्हटलं, खाणंपिणं नाही मॅडम, पण तक्रार बी नाही.

यंदा पोटाचा टाका उसवला.
दौलतसाबची नात, शमशाद,
बसस्टँडजवळ मोटारसायकलींच्या सीट शिवते.
आली, चष्मा लावला, त्याला उताणं पाडलं,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि थांबली.
बाहेर निघाली सुई. वीतभर लांब,
नेढ्यात अजून लाल दोरा.

हिच्यावरून आमच्या घरात तीन पिढ्या भांडण आहे, ती म्हणाली.
दादी म्हणायची दादांनी विकली,
दादा म्हणायचे दादीनं भावाला दिली.
अब्बा लहान होते. मार त्यांनीच खाल्ला.

लाल दोरा ओढताच तुटला.
मग त्याच सुईनं, सीटच्या काळ्या नायलॉननं
तिनं त्याला शिवलं.
पैसे घेतले नाहीत. सुई घेऊन गेली.
ही नोंद कुठं करायची कळेना,
म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
पोटातलं दुखणं गेलं.

तो अजून तसाच हसतो.
पण मला वाटतं, आता कुणी विचारलं
तर चहा घेईल.