रकाना

फवारणीच्या वहीत सात रकाने आहेत.
तारीख, प्लॉट, औषध, कशासाठी,
दोनशे लिटरला किती, कोणी मारलं,
आणि शेवटचा: फळ तोडायला किती दिवस थांबायचं.
तो सगळ्यात रुंद.
पॅकहाउसचा माणूस आधी तोच बघतो,
बोट ठेवून, ओठ हलवत.

वही मी लिहिते.
लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, अक्षर बरं म्हणून.
किल्ल्या नाही आल्या, वही आली.

निमगाव केतकीच्या खालच्या अंगाला
आमचं साडेतीन एकर डाळिंब. भगवा.
सेटिंग झालं की फुलपाखरं येतात,
दिसायला गुणी,
आणि कोवळ्या फळाच्या मुकुटात
एकेक अंडं ठेवून जातात
ओटीत सुपारी ठेवावी तसं.
बाहेरून फळ लालबुंद.
फोडलं की आत काळं, कुजकं.

म्हणून जैनू मुलाणी पहाटे साडेचारला ट्रॅक्टर लावतो,
वारं उठायच्या आत,
मधमाश्या उठायच्या आत.
तोंडाला ओला टॉवेल.
मास्क आहे, मीच आणलाय,
तो आरशाला टांगलेला असतो, लिंबू-मिरचीसारखा.
ब्लोअरचा ढग दोन ओळींमधून चालत येतो
आणि पानांच्या पोटाला चिकटतो.
मग दिवसभर वास.
भाकरीला, उशीला, मुलीच्या रिबिनीला.

त्याच आठवड्यात विरळणी.
चांगुणाबाईंची टोळी, अकरा जणी, कात्र्या कमरेला.
एका झुपक्यात तीन, कधी चार.
एक ठेवायचं.
कोणतं, मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
“खाली बघतंय ते ठेव.
उन्हाकडं तोंड करून बसलंय ते काढ, करपतंच ते.
चिकटून दोन ठेवू नको, मधी अळीला घर हुतं.
आन् लई निरखू नको बाई.
निरखलं की हात चालत न्हाई.”

या वर्षी बुधवारी फवारलं
आणि मामांनी गुरुवारी बायकांना सांगावा धाडला.

चांगुणाबाई बांधावर उभ्या. आत येईनात.
मला हात दाखवले.
बोटांच्या पेरांवर काही नव्हतं,
पाटीवरचं पुसून टाकावं तसं.
“रेशनच्या मशीनवर अंगठा उमटंना झालाय.
मशीन म्हनतं, ही बाईच न्हाई.”
हसल्या. मागच्या दोघी-तिघीही हसल्या.

मी डब्याची चिठ्ठी उलगडली.
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं,
भिंगाखाली धरली तेव्हा कुठं सापडलं,
बागेत शिरण्याबद्दल दीड ओळ.

मामा म्हणाले, फळासाठी थांबतोच की आपण.
बायकांसाठी थांबायचं, असं वहीत कुठं आहे?

खरंच नव्हतं.
सात रकान्यांत नव्हतं.
समुद्रापलीकडच्या जिभेला जागा होती, आखलेली, ऐसपैस.

मुलीच्या दप्तरातून पट्टी काढली.
त्या रुंद रकान्यात उभी रेघ मारली,
वर लिहिलं: बायका आत कधी.
खाली: शनिवार.

मामा बघत राहिले.
“पेन्सिलीनं तरी लिहायचंस.”
तेवढंच.
पेन मी आधीच टोपणात घातलं होतं.

दोन दिवस झाडं भरगच्च लटकली.
मामा ओळीओळीनं फिरत, फळं बोटांवर मोजत,
साखर नसलेला चहा पीत.
दोन दिवसांची हजेरी द्यायची की नाही
यावर घरात कोणी बोललं नाही.
मी बोलले, शुक्रवारी रात्री, अर्ध्या हजेरीपर्यंत आणलं.
अर्धीच.

शनिवारी अकरा जणी आत शिरल्या.
हिरव्या गोट्यांचा सडा पडत गेला,
शेळी दाव्याला ताणत होती, तिला सोडली नाही.

सोमवारी पॅकहाउसचा माणूस आला.
बोट शेवटच्या रकान्यावर गेलं,
रेघेपाशी अडलं.
“हे काय काढलंय?”

मी डोकं वर केलं नाही.
बागेतून कोणी दिसत नव्हतं,
नुसती कात्री ऐकू येत होती,
दोनदा, आणि मग जरा थांबून
पुन्हा दोनदा.