गाढव परत आलं

लक्ष्मीनर्सू दुडम पुठ्ठ्याला भोकं पाडायचे,
साखर पेठेत, पत्र्याच्या खोलीत.
चादरीवरचा मोर आधी भोकांत जन्मतो
हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी सात वर्षांची,
वडिलांच्या बाइंडिंगच्या टेबलाखाली
बोटाची खळ चाटत बसलेली.

चुकलेली कार्डं ते टाकत नसत.
त्यांच्या पाठीवर गोष्टी लिहीत.
मध्ये भोक आलं की शब्द वळसा घालून पुढे जाई,
उन्हाळ्यात गल्लीत बाजेवर झोपलेल्या माणसाला
सायकल घालते तसा.
राजव्वा विड्या वळत ऐकायची.
हजार विड्यांच्या आत संपली तर छोटी गोष्ट,
नाहीतर मोठी. दुसरं माप त्या घरात नव्हतं.

रागावले की तेलुगू,
भाजी घेताना कन्नड,
गोष्ट आली की मराठी, तीही आमच्याच बोळातली.
पुण्याहून प्रूफ आलं
त्यात गाढवाच्या तोंडचा प्रत्येक ‘बे’ खोडलेला.
दुडमांनी चष्मा पुसला.
म्हणाले, बे काढला तर गाढव उरतं,
चन्नप्पा उरत नाही.
आणि एकेक बे परत बसवला,
तुटलेला धागा पिरगळून जोडतात तसा.

चन्नप्पा, मिलचा भोंगा वाजला की
‘आलो बे, आलो’ म्हणत निघणारा,
आणि रोज उशिरा पोचणारा.
पहिल्या आवृत्तीत तो मरतो.
पान चाळीस. खाली एक चौकोन, आत चित्र नाही.
वडिलांनी पाचशे प्रती शिवल्या.
एक मी पळवली, ते पान फाडलं,
आणि भर दुपारी अनवाणी गेले त्यांच्याकडे.
“का मारलं बे त्याला?”

ते हसले नाहीत. हातातला पंच खाली ठेवला.
“मिल बंद झाली. भोंगा वाजत नाही.
तो उत्तर कुणाला देणार?”
मला काही सुचेना, पाय भाजलेले.
“मग तू सांग, काय करायचं होतं त्यानं?”
“वाट बघायची.”

दुसऱ्या आवृत्तीत पान चाळीसवर
चन्नप्पा तळ्याकाठी उभा आहे. कान वर.
एवढंच.

मग पोस्टकार्डं सुरू झाली.
नळदुर्गहून: चन्नप्पा जेवला का?
इंडीहून: आमच्या शाळेची घंटा जोरात वाजते, त्याला इकडे पाठवा.
दुडम सगळ्यांना उत्तर द्यायचे, डाव्या हातानं,
कारण गाढवाचं अक्षर चांगलं असून कसं चालेल.

एकदा सत्कार झाला. अंगावर चादर घातली.
भाषण करायचं सोडून त्यांनी ती उलटी करून पाहिली.
“मोर माझाच आहे,” माईकवर म्हणाले,
“शेपटीत एक चूक आहे.”
खाली बसले.

पुढे भोकं पाडायला कॉम्प्युटर आला.
त्यांच्या हाताला काम राहिलं नाही, गोष्टींना पाठ राहिली नाही.
कोऱ्या वहीत त्यांना लिहिता येईना,
वळसा कशाला घालायचा, म्हणायचे.

गेले ते मे महिन्यात.
तेराव्यानंतर राजव्वानं पोतं आणून दिलं,
आकडे न घातलेली दीडशे कार्डं.
तू बाइंडर, तुला क्रम लागेल, म्हणाली.
मला नाही लागला.
एका कार्डावर सशाचं लग्न, दुसऱ्यावर किराणा,
तिसऱ्यावर नुसतं ‘आलो बे’.

शेवटी एमआयडीसीत एक जुना माग शोधला.
कारागीर म्हणाला, ताई, ही कार्डं चुकलेली आहेत.
म्हटलं, असू दे, लाव.

मुलं विचारतात तेव्हा मी सांगते, गाढव निघालं.
खरं म्हणजे ठिपके निघाले, हातभर, वेडेवाकडे.
पण वरच्या काठाला
शेजारी शेजारी दोन उभ्या रेघा आहेत.
कान म्हणा.