फॉर्म एकोणतीस

गाडी माझ्या नावावर होती, हे आधी सांगते.
चेक भूपालांनी फाडला, पण आरसी बुकात नाव माझं,
म्हणून विकताना सहीसुद्धा मलाच करावी लागली.
फॉर्म एकोणतीस, दोन प्रती. फॉर्म तीस.
इंजिन नंबर, चॅसी नंबर.
रंग : आकाशी.
आकाशी कसला?
कळंब्याच्या तळ्यावर ढग येऊन थांबले की
पाण्याला येतो तो रंग.
एजंट म्हणाला, काकू, एवढी जागा नाही फॉर्मवर.

पद्मिनी. ब्याण्णवचं मॉडेल.
गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना डाव्या मनगटाला एक हिसका,
पोळी उलटताना देतो तेवढाच.
कळंबा रोडला शिकले, पहाटे साडेपाचला,
शेजारी भूपाल, नसलेला ब्रेक पायाने दाबत.

पहिल्यांदा एकटी निघाले
आणि गंगावेशीत म्हशींच्या मधोमध बंद पडले.
गाडी चालूच होती. मी बंद पडले.
कट्ट्यावर दुधाचे पेले ओठांपाशीच थांबले.
कुणीतरी ओरडलं,
वैनी, म्हस हलायची न्हाई, तुमीच हला!
हलले.

मे महिन्यात पन्हाळ्याच्या चढावर ती हमखास रुसायची.
पंपात पेट्रोलची वाफ. पंपाला ओलं फडकं लावायचं.
फडकं नसलं तर भूपालांचा रुमाल,
रुमाल नसला तर माझा पदर.
ती साडी कधीच बोहारणीकडे गेली,
वास मात्र माझ्याकडे राहिला.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री
बॉनेटला कान लावून मलाच विचारायचे,
खोकला कोरडा का ओला?
बशीतला चहा फुंकावा तसा कार्बोरेटर फुंकायचे,
आणि पैसे सांगताना दुसरीकडे बघायचे.

एका जानेवारीत मार्केट यार्डातून गुळाचे दोन रवे आणले,
एक डिकीतच विसरला.
मग मुंग्या.
गरम पाणी झालं, रॉकेल झालं, हळद झाली.
तरी दर उन्हाळ्यात त्या यायच्याच,
मागच्या चाकावरून चढून, रबराच्या पट्टीखालून,
माहेरी आल्यासारख्या.
पद्मल वर्गात सांगून आली,
आमची गाडी गोड आहे.

विकायला कारण काही मोठं नव्हतं.
नवी गाडी आली. पार्किंग एक.
भूपाल म्हणाले, जाऊ दे.
मी म्हणाले, जाऊ दे.
दोघांनाही वाटलं होतं, दुसरा नको म्हणेल.

शिरोळचे आदगोंडा आले, बावीस हजार रोख,
चाकाखाली लिंबू ठेवलं
आणि दुसऱ्या गिअरमध्येच उचलली.
ती ठसकली.
मी जिन्यातून ओरडले, क्लच! क्लच!
त्यांनी हात हलवला, निरोप समजून.

एकोणीसच्या महापुरात शिरोळ पाण्यात होतं,
तेव्हा मला आधी गाडी आठवली, मग माणसं.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तीन दिवसांनी फोन लागला.
आदगोंडा गच्चीवर होते, सगळे सुखरूप.
मी विचारायच्या आधीच म्हणाले,
गाडी व्हय? ती तिसऱ्या वर्षीच चिकोडीला दिली की, वैनी.
पुढं कुठं गेली, काय म्हाईत न्हाई.

रस्त्यात तसा रंग दिसला की मी नंबर वाचते.
हल्ली तसा रंगही दिसत नाही.

नवीला गिअर बदलावेच लागत नाहीत.
एसी आहे, बाई बोलते आतून, डावीकडे वळा म्हणते,
मला, कोल्हापुरात.
पण रंकाळ्याच्या वळणावर कधीतरी
डावा हात आपोआप वर जातो,
स्टिअरिंगपाशी चाचपडतो, हिसका देतो.
तिथे आता वायपर आहे.
भर उन्हात कोरडी काच पुसली जाते,
करकरत, दोनदा, तीनदा.

भूपाल म्हणतात, पाऊस कुठाय?
मी म्हणते, कुठाय.