चरा

जैतापुरात, माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात
लतीफ सोलकर ठेवून गेला ही तबकडी,
मजुरीच्या बदल्यात. बोटीवरून आणलेली.
कव्हरवर कुंपणाला टेकलेली काळी बाई,
नाव कुणी न ऐकलेलं.
शेतावरचं गाणं, प्रार्थनेच्या घशातून;
ओहोटीला खाडीच्या चिखलातून
पाय उपसावा तसा आवाज.

तिसऱ्या गाण्यात चरा.
घराकडे, घराकडे, घराकडे…
बारा वर्षं मी सुई उचलून पुढे ठेवत आलो.

परवा मोबाईलवर
कुण्या आजच्या पोरीने गायलेलं तेच गाणं.
एक गिटार, बाकी श्वास.
त्या जागी माझा हात उठला.
ती थांबलीच नाही:
घराकडे तोंड करून झोपते, जात नाही.

रात्री जुनी लावली.
चऱ्यापाशी आली.
सुई तशीच राहू दिली.