उपपदार्थ

पिशवी मी दिव्याखाली धरतो.
वर गवतात हसणारा कुत्रा, दात पांढरेशुभ्र.
उरुग्वे नदीकाठच्या आमच्या गावात असले दात
फक्त दंतवैद्याला होते, तोही मोंतेविदेओला गेला.

मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं:
मका. तांदळाचा कोंडा.
प्राणिजन्य उपपदार्थ.
इथे भिंग खाली ठेवतो.

एकतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात
गमबुटांखालून जे वाहत गेलं
त्याला कुणी इतकं भारदस्त नाव दिलं नाही.
फुप्फुसं म्हणायचो, खूर म्हणायचो,
शनिवारी डब्यातून लपवून नेलं
तर जेवण म्हणायचो.

'सात वर्षांवरील सांध्यांसाठी गुणकारी.'
माझा हात आपोआप गुडघ्यावर.

चिम्बो येतो. वाडगं हुंगतो.
तपकिरी दाणे खातो, हिरवे मात्र
एकेक करून फरशीवर काढून ठेवतो,
आमच्या खात्यातल्या जुन्या तपासनिसासारखा,
कुणाकडे न बघता.

उद्या दुकानात नेल्सिदा विचारणारच,
काय ओलेगारिओ, कशी निघाली पिशवी?

दार लोटून घेतो.
एक हिरवा दाणा उचलतो, पुसतो,
उरलेल्या दाढेखाली धरतो.

मीठ नाही.
खूर आहे. थोडा.