दार लावल्यावर

गाडी घेतली तेव्हा तिला सतरावं सरलेलं.
जयसिंगपूरच्या हाडांच्या डॉक्टरची,
काळी, लांब, जर्मन.
किंमत म्हणाल तर नव्या डबड्याच्या निम्मी.
एजंट चावी देताना म्हणाला,
"पाहुणं, घेणं सोपं हाय."
पुढं काही बोललाच नाही. हसला फक्त.

सर्व्हिस बुकात दोन हजार तेरापर्यंत शिक्के,
आणि मग कोरी पानं.
कोऱ्या पानांना भ्यायचं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात सकाळी बघतो
तर मागची बाजू जमिनीला टेकलेली,
दावणीला म्हैस बसावी तशी
निवांत.
गल्ली गोळा झाली.
कुणी म्हणालं पंक्चर, कुणी म्हणालं नजर,
बापू हिर्डेकरांनी तर लिंबूच आणलं.
पुण्याच्या शोरूमवाल्यानं फोनवर आकडा सांगितला.
म्हटलं, परत सांगा.
त्यानं तोच सांगितला, वर टॅक्स.

विजयमाला हिशेबाच्या वहीत
गाडीचं नाव लिहीत नाही.
गॅस, किराणा, पोरीची फी,
आणि खाली: तिला, अठरा हजार.
तिला, साडेचार.
तिला, परत.
वही कुणाच्या हाती लागली
तर माझी अब्रू जायची.

जोतिबाच्या घाटात बंद पडली तेव्हा
ऊसाच्या ट्रॅक्टरनं ओढून आणली,
पुढं गाणी मोठ्यानं, मागं आम्ही चार माणसं
लग्नाच्या कपड्यांत, काचा वर करून.
ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, "ॲव्हरेज किती देती, मामा?"
मी पैसे देऊन विषय मिटवला.

उद्यमनगरात इलाहीभाई मुल्लाणी.
बॉनेट उघडायच्या आधी हात धुणारा एवढाच मिस्त्री बघितला.
कंपनी जिथं आख्खी असेंब्ली बदला म्हणते
तिथं त्यानं गनमेटलची नखाएवढी बुश
शेजारच्या लेथवर कातून घेतली.
साडेसहाशे रुपये, चहा धरून.
अकरा महिने झाले, हूं की चूं नाही.
एअरबॅगचा लाल दिवा मात्र जळतोच आहे.
"ते कॉम्प्युटरचं हाय," तो म्हणाला, "आपलं न्हवं.
देवापुढचा दिवा समज."

मग एक बारीक शिट्टी यायला लागली.
चालू असताना, उभी असताना,
इंजिन बंद केलं तरी.
इलाहीभाईनं स्क्रू ड्रायव्हर इंजिनला लावला,
दांडा कानाशी धरला, डोळे मिटले.
आत येऊन बसला. दार लावलं.
बराच वेळ गप्प.
"गाडीत काय न्हाई," तो म्हणाला.
"आवाज तुझ्या कानात हाय."

सव्वीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
कास्टिंगवर ग्राइंडर धरलेला मी.
बाहेर कसला ना कसला आवाज असतोच,
त्याच्याखाली ही शिट्टी कधीची वाजत असेल,
ऐकायला एवढी शांत जागा
मला कधी मिळालीच नव्हती.

तेव्हापासून रात्री जेवण झालं की
मी दारातल्या गाडीत जाऊन बसतो.
कुठं जात नाही. पेट्रोल परवडत नाही रोज.
दार ओढलं की धप्प,
जड, मऊ, गव्हाच्या पोत्यासारखं,
आणि गल्ली काचेपलीकडं तोंड हलवत राहते.
शिट्टी वाजते. वाजू दे.
आता तिचं बिल कुणी पाठवणार नाही.

काल विजयमाला आली, हातात दोन कप.
पलीकडून बसली. दार तिनंही लावलं,
पहिल्यांदा न आपटता.
कप ठेवताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं.
थोड्या वेळानं दचकून म्हणाली,
"अहो, पाठ गरम व्हायलीय."
सीटचा हीटर.
डॉक्टरनंतर बहुतेक कुणी लावलाच नसेल.
"एवढं एक चालतंय व्हय हिचं?" म्हणाली,
आणि कंबर टेकवून
नीट मागं सरून बसली.