निळी रेषा

नाशकात पूर मोजायला कुणी फूटपट्टी काढत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, म्हणायचं,
कमरेला लागलं, छातीला लागलं,
आणि तेवढ्यावर भांडी बाजारातला माणूस
माल किती वर उचलायचा ते ठरवतो.

खैरनारांना हे पटायचं नाही.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
त्यांनी गंगेचं पाणी आकड्यांत लिहिलेलं.
सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी नकाशा टाकला,
सोबत दोनच ओळी, पूर्णविरामांसकट:
आपलं पार्किंग निळ्या पूररेषेच्या आत येतं.
बिल्डरने हे आपल्याला सांगितलेलं नाही.

नऊला कुणी विचारलं, कागद कुठाय?
सव्वानऊला, ह्यांना भाव पाडून शेजारचा फ्लॅट घ्यायचाय.
मग, पेन्शनवाल्यांना उद्योग नसतात.
कागद त्यांनी टाकला होता. कुणी उघडला नाही.
त्यांचं अडखळत बोलणं आलं मग,
मे महिन्यातला मफलर आला,
आणि अकराला दहा कमी असताना
बी-विंगच्या पराग बोरस्तेने लिहिलं:
काका, बायको निघून गेली
तेव्हा कुठली रेषा आखली होती?

मी दुधाला विरजण लावत होते.
एका हाताची बोटं ओली, म्हणून दुसऱ्या हाताने
त्या वाक्याखाली हसरा चेहरा ठेवला,
तो पिवळा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारा.
खरं सांगायचं तर मला हसूही आलं नव्हतं.
चौदा जणांनी ठेवला होता. मी पंधरावी.

खैरनार ग्रुपमधून बाहेर पडले,
एवढीच एक करडी ओळ.
तिच्याखाली कुणाचं तरी शुभ रात्री, गुलाबासकट.

चेहऱ्यावर बोट ठेवलं की नावं दिसतात, एकाखाली एक.
हे मला दुसऱ्या दिवशी लेकीकडून कळलं,
सहज, भलत्याच गोष्टीवरून.

पुढच्या सोमवारी दुपारी बेल वाजली.
दारात खैरनार. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला.
"ताई, तीनला पाणी सोडतायत.
ॲक्टिव्हा वर घ्या, शाळेच्या ग्राउंडवर लावा."
या ना, म्हटलं, चहा टाकते.
"अजून एकवीस दारं राहिलीत,"
आणि कठडा धरून उतरले.
गॅलरीतून मी बघत राहिले.
बेल, थांबणं, तेच वाक्य.
बोरस्त्यांच्या दाराशीही तेवढंच थांबले,
एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

संध्याकाळी मारुतीच्या छातीला लागलं.
आमच्या खांबांना मांडीइतकं,
त्यात कुणाची चप्पल, दोन नारळ, एक प्लास्टिकची खुर्ची
संथ फिरत होती, जागा शोधत असल्यासारखी.
गाड्या सगळ्या वर होत्या.
ग्रुपवर नगरसेवकाचे आभार मानले गेले.
जोडलेले हात, हात, हात.

मी लिहिलं, खैरनारांनी, आणि खोडलं.
पुन्हा लिहिलं.
टाइपिंग दिसत असणार सगळ्यांना,
माझ्या नावापुढे तीन टिंबं, आणि मग तीही नाहीत.
शेवटी वर सरकवत सरकवत त्या रात्रीपर्यंत गेले
आणि तो चेहरा काढून घेतला.
चौदा राहिले. कुणाला कळलं नाही.
काढला की निघतो. डाग पडत नाही.
हेच मला रात्रभर सहन होईना.

पाणी ओसरल्यावर खांबावर रेघ दिसली,
निळ्या खडूची, पाण्याच्या खुणेला लागून.
तारीख, वेळ, आणि खाली बारीक अक्षरात: द. खै.
झाडणाऱ्या मंदाबाईंना सांगून ठेवलंय,
फडकं फिरवताना तेवढं सोडा.
मी त्याच खांबाशी ॲक्टिव्हा लावते.

सकाळी दुधाच्या पिशव्या घेताना भेटतात.
"बरंय ना?" ते विचारतात.
हो, म्हणते, बरंय.
समोर माझं एकच तोंड असतं.
दुसरं पर्समध्ये थरथरतं.